शिडाचे जहाज आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी मुलीकडे सिडनीला गेलो असता तेथील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय सागरी संग्रहालय पाहण्याचा आणि त्याच्या 'एंडेव्हर' या शिडाच्या जहाजावर चार दिवस राहण्याचा योग आला. त्याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीससाहेबांची इच्छा आहे.

डार्लिंग हार्बरच्या काठावरील हे संग्रहालय 1991 साली सुरू झाले. 'एंडेव्हर' ही कॅप्टन जेम्स कुकच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती. मूळ जहाज 1764 साली इंग्लंडातील व्हिटबी गावी कोळसा वाहण्यासाठी बांधलेले. 1768 मध्ये ते 94 माणसे घेऊन निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 1771 मध्ये परतले. प्रतिकृतीचे काम फ्रीमँटल बंदरात 1988 साली सुरू झाले. 1993 मध्ये ती पाण्यात उतरली आणि 2005 मध्ये संग्रहालयाच्या ताब्यात आली.

या जहाजावर पाहुणा म्हणून कोणी बसत नाही. आम्हा नवख्यांच्या तीन तुकड्या केल्या आणि चार-चार तासांचे पहारे वाटून दिले. सुकाणूचे चाक दोघांनी मिळून धरायचे, दोर ओढायचे, डेक धुवायचा, रात्री झोळीत निजायचे. जहाजावर जवळजवळ 30 किलोमीटर दोर आणि 750 लाकडी कप्प्या आहेत. कोणता दोर कोणत्या शिडाचा, हे अंधारातसुद्धा हाताला कळले पाहिजे. आमच्या तुकडीची प्रमुख पंचविशीतली एक मुलगी होती. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून ती डोलकाठीवर सरसर चढे. पन्नाशी उलटलेले आम्ही तिचा हुकूम मुकाट्याने मानीत होतो, कारण काम तिला येत होते, आम्हाला नव्हते.

11 जून 1770 च्या रात्री मूळ जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रवाळाच्या खडकावर चढले. वजन कमी करण्यासाठी सहा तोफाही समुद्रात टाकल्या गेल्या. त्या पुढे 1969 साली सापडल्या. जवळजवळ एक दिवसाने जहाज सुटले, पण तळातून पाणी आत येतच होते. तेव्हा मंकहाऊस नावाच्या कनिष्ठ उमेदवाराने एक युक्ती सुचविली. जुन्या दोरांचे धागे आणि लोकर शिडाच्या कापडावर थापून ते कापड दोरांनी जहाजाच्या तळाखाली ओढून घ्यायचे. त्याने हा उपाय पूर्वी दुसऱ्या जहाजावर पाहिला होता. कुकने ते काम त्याच्याच हाती सोपविले आणि जहाज वाचले. शिक्षकबंधूंनो, वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाचेही ऐकावे, ते यासाठी.

हा कुक कोण? शेतमजुराचा मुलगा. वयाच्या अठराव्या वर्षी कोळशाच्या गलबतांवर उमेदवारीला लागला. दिवसा अंगमेहनत करी आणि फावल्या वेळी बीजगणित, भूमिती, खगोलशास्त्र शिके. त्या अभ्यासामुळे खलाशाचा कप्तान झाला.

येथे मला माझे आजोबा आठवतात. आपल्या कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्या घरातले पुरुषही बोटीवर जात. वाऱ्याचा वास घेऊन आजोबा पावसाचा अंदाज सांगत. तीस वर्षांच्या नोकरीत ते सारंगापर्यंत पोचले आणि तेथेच थांबले, कारण पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवीत. कमी होती ती अक्षराची. हिंदी तरुणांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याचे शिक्षण देणारे 'डफरीन' हे जहाज मुंबईत 1927 साली सुरू झाले. ते दार उघडले तरी आजोबांसारख्यांना त्याचा उपयोग नव्हता. शाळेचा उंबरठाच त्यांनी ओलांडला नव्हता.

त्या संग्रहालयाची आणखी एक गोष्ट मला आवडली. कुकचे गोडवे गाऊन ते थांबत नाही. 1770 च्या एप्रिलमध्ये तो किनाऱ्यावर उतरला तेव्हा मूळ रहिवाशांनी विरोध केला आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. 1788 मध्ये वसाहत आली आणि त्यांची जमीन गेली. तीही बाजू तेथे सांगितली जाते. इतिहास दोन्ही किनाऱ्यांवरून पाहावा, हे तेथे शिकण्यासारखे आहे.

पालकहो, आता तुम्हाला एक विनंती. मुलगा दहावी झाला की त्याला कुणा दलालाच्या हाती पैसे देऊन बोटीवर चढवू नका. अधिकारी व्हायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, इंग्रजी चांगले हवे, नजर निर्दोष हवी. 2008 साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्रशिक्षणसंस्था नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली आहे की नाही, याची पैसे भरण्यापूर्वी खात्री करा. आणि ही वाट मुलींनाही मोकळी आहे, हे विसरू नका.

विद्यार्थी मित्रहो, समुद्राची भीती आपल्या रक्तात नाही. गणिताची भीती मात्र आहे. तेवढी या शाळेत असतानाच टाकून द्या. आजोबांच्या हाताला दोर ठाऊक होता, तुमच्या हाताला दोर आणि लेखणी दोन्ही ठाऊक असू द्या.

 खुदा हाफिज. जय हिंद.