मुळी कुठं हाय रे?

मी मूळचा मारेगावचा, यवतमाळ जिल्ह्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. आज बोलायचंय सात्यांबद्दल. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी जंगली अळंबी. तिची भाजी असली की आमच्याकडे मटणाची आठवण कुणी काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात घरी होतो. शेताच्या धुऱ्यावर पांढऱ्या छत्र्या दिसल्या. वरून फोटो काढला, अ‍ॅपला विचारलं. उत्तर आलं, टर्मिटोमायसिस. म्हणजे सात्याच! पाच-सहा मोडल्या आणि ऐटीत मोठीआईपुढे ठेवल्या. तिनं एवढंच विचारलं, "मुळी कुठं हाय रे?"

मुळी? मी तर जमिनीलगत मोडून आणलेल्या.

खरी गोष्ट इथंच आहे. सात्याचा देठ मुळीसारखा खाली जातो, थेट वाळवीच्या घरापर्यंत. वाळवी लाकूड, पाचोळा खाते, त्या विष्ठेचे गड्डे रचून त्यावर ही बुरशी पिकवते आणि मग तेच खाते. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षं जुनी, आफ्रिकेत सुरू झालेली. धिंगरी आपण घरात पिशवीत पिकवतो, सात्या नाही जमत. वाळवी लागते!

शास्त्रज्ञांनीही आधी या जाती वेगवेगळ्या प्रजातींत टाकल्या होत्या. 1942 मध्ये रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्यांच्यासाठी टर्मिटोमायसिस ही वेगळी प्रजाती केली. पुढे 1979 मध्ये नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका जातीला त्याचंच नाव दिलं, टर्मिटोमायसिस हाइमी. अर्थात मुळी हा काही पक्का नियम नाही. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही बारकी जात शेकड्यानं उगवते आणि तिला लांब मुळी नसतेच. वाळवीनं बाहेर आणून टाकलेल्या गड्ड्याच्या चुऱ्यावर ती येते.

म्हणजे निम्मा पुरावा जमिनीखाली, आणि माझा फोटो वरून. इनपुटच अर्धवट, अ‍ॅप तरी काय करणार?

मोठीआईनं धुऱ्यावर जाऊन उकरून पाह्यलं. ना मुळी, ना वारूळ. "फेक बापा," म्हणाली. मी एक छत्री ठेवून घेतली, पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी घातली. सकाळी कागदावर हिरवट भुकटी. सात्याची भुकटी फिकट गुलाबी असते. हिरवट म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, उलट्या-जुलाबानं माणूस आडवा करणारी. (गुलाबी भुकटीच्या विषारी अळंब्याही असतात हं, तेव्हा माझ्या भरवशावर काही खाऊ नका.)

दोन दिवसांनी बाजारात सात्या मिळाल्या. मोठीआईनं वाटा उचलला, एकेक उलटी करून पाह्यली आणि मगच भाव विचारला. मुळ्यांची माती धुवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.