मोबाईलवरची लढाई आणि खरी लढाई

भाकरी थापत असाल, शेंगा फोडत असाल, तर हात चालू ठेवा. कान तेवढे इकडं द्या.

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि बोलणं पोरांच्या मोबाईलवर गेलं. "दिवसभर नुसतं ठो ठो," ही घरोघरची तक्रार. पण एका ताईंचा प्रश्न वेगळा होता. त्यांचा थोरला सैन्यात आहे आणि धाकटा मोबाईलवर लढतो. त्या म्हणाल्या, "याच्या खेळातली लढाई खरी का खोटी?" आम्ही समन्वयक मैत्रिणींनी त्यावर माहिती काढली. तीच आज सांगतो.

बहुतेक गेममधली लढाई मनानं रचलेली असते. काही गेम मात्र खऱ्या युद्धांवरून बनवतात. त्या युद्धांत माणसं खरीच मेलेली असतात.

१९९१ सालची गोष्ट. कुवेतमधून माघार घेणाऱ्या इराकी सैन्यावर अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या विमानांनी बॉम्ब टाकले. इराककडं जाणारा रस्ता जळक्या गाड्यांनी भरून गेला. लोक त्याला 'मृत्यूचा महामार्ग' म्हणू लागले. माघारी जाणाऱ्यांवर असा मारा करावा का, यावर मोठा वाद झाला. पुढं २०१९ साली 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर' हा अमेरिकी कंपनीचा गेम आला. त्यात एका काल्पनिक देशात याच नावाचा रस्ता आहे, पण तिथं बॉम्ब टाकणारे दाखवलेत रशियन! नाव खऱ्या घटनेचं आणि दोष दुसऱ्याच्या माथी. ज्या पोरानं इतिहास वाचलेला नाही, ते हेच खरं धरून चालणार.

दुसरं उदाहरण इराकमधल्या फलुजा शहराचं. २००४ साली तिथं घनघोर लढाई झाली. अमेरिकी सैनिक मेले, इराकी लढवय्ये मेले, साधी माणसंही मेली. त्यावर 'सिक्स डेज इन फलुजा' हा गेम २००९ मध्ये जाहीर झाला. आमच्या दुःखाचा खेळ करू नका, असं म्हणत लोकांनी विरोध केला. त्यात लेक गमावलेली सैनिकांची कुटुंबंही होती. कंपनीनं माघार घेतली. पुढं दुसऱ्या कंपनीनं तो हाती घेतला आणि २०२३ मध्ये तो बाजारात आला.

आपल्याकडंही असं झालंय. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी 'फौजी' नावाचा गेम आला, त्याचा पहिला भाग गलवानचाच. जवानांबद्दल मुलांना अभिमान वाटावा, यात वाईट काहीच नाही. पण गेममध्ये मेलेला गडी पुन्हा उठून उभा राहतो. खऱ्या शहिदाच्या घरी काय होतं, हे आपल्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे.

मग सगळेच गेम वाईट का? तसं नाही. पोलंडमधल्या कंपनीनं २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम काढला. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला वेढा पडला होता, त्यावरून तो सुचला. त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात जीव मुठीत धरून राहणारी बाई, म्हातारा, पोर असतो. चूल पेटवायची, पाणी गाळायचं, रात्री अन्न-औषध शोधायला बाहेर पडायचं. दुसऱ्याचं अन्न चोरलं, तर चोरणाऱ्याचंच मन खचतं. युद्धात बायांच्या वाट्याला काय येतं, ते हा खेळ दाखवतो. तोही मोठ्यांसाठीच आहे बरं, लहानग्यांसाठी नाही.

मोबाईल हिसकावून घेतला, तर पोरं शेजारच्या ओट्यावर जाऊन खेळतात. म्हणून आमचं सांगणं असं की, घटकाभर शेजारी बसा. विचारा, "हे कुठलं गाव रे? तिथं राहणारे लोक कुठं गेले? शत्रू कोण, आणि तो शत्रू आहे हे कुणी ठरवलं? हा गेम बनवला कुणी?" उत्तर आलं नाही तर त्यालाच म्हणा, "सरांना विचारून ये आणि मलाही सांग." गेमवर वयाचा आकडा असतो, तोही बघा. १८ लिहिलं असेल, तर दहा वर्षांच्या पोराला ते नको.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय दहा मिनिटं तरी घ्या आणि पोरांनी काय उत्तरं दिली, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.