ब्रूजचं कॉलेज

युरोप हाच विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, तर बेल्जियममधल्या ब्रूज शहरातल्या ‘कॉलेज ऑफ युरोप’चं नाव आधी निघतं. युरोपच्या एकीसाठी १९४८मध्ये भरलेल्या हेग परिषदेत स्पॅनिश विचारवंत साल्व्हादोर दे मादारियागा यांनी ही कल्पना मांडली आणि १९४९मध्ये कॉलेज उभं राहिलं. गंमत बघा, युरोपीय संघाचा पाया ठरलेला कोळसा-पोलाद समुदायाचा करार झाला १९५१मध्ये! म्हणजे घर बांधायच्या आधीच गृहप्रवेशाची तयारी.

अभ्यासक्रम वर्षभराचा. कायदा, अर्थशास्त्र, राजकारण असे विभाग. शिकवणं इंग्रजी आणि फ्रेंचमधून. विद्यार्थी कॉलेजच्याच वसतिगृहांत राहतात. वेगवेगळ्या देशांची मुलं जेवायला एकत्र बसतात, आणि माझ्या मते निम्मा अभ्यास तिथेच होतो. दरवर्षीच्या तुकडीला एखाद्या नामवंताचं नाव देतात.

इथे फक्त युरोपची आरतीच होते असं मात्र नाही. १९८८मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी याच कॉलेजच्या व्यासपीठावरून ब्रसेल्समधल्या युरोपीय संस्थांच्या वाढत्या सत्तेला खडे बोल सुनावले. पुढे ब्रिटनमधल्या युरोपविरोधकांनी त्या भाषणाचाच आधार घेतला. कॉलेज मात्र वाढत गेलं: पोलंडमधली साम्यवादी राजवट गेल्यावर, १९९२मध्ये, त्याची दुसरी शाखा तिथे, वॉर्सातल्या नातोलिनला निघाली.