छापील चित्रावरील फुगे आणि आपली घाई

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने समाजोन्नती, शिक्षणप्रसार किंवा विवाहातील काटकसर ह्यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा परिपाठ आहे. आमचा आजचा विषय ऐकून कित्येकांस हसू येईल. व्हिनाईलवर छापलेल्या मोठ्या चित्रावर पारदर्शक आवरण चढवतात, ज्यास लॅमिनेशन म्हणतात, त्यात फुगे का धरतात व ते कसे टाळावेत, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत खडू झिजवण्यात गेलेले. ह्या यंत्रविद्येशी आमचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आहे, पण तो आम्हांस भूषणावह नाही. म्हणून तोच प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी आषाढ वद्य त्रयोदशीस, संत नामदेव महाराजांच्या समाधिदिनी, सभागृहात कायम लावण्यासाठी मंडळाने महाराजांचे आठ फूट उंच व चार फूट रुंद चित्र करवून घेतले, हे आपणांस स्मरत असेल. काम आपल्याच एका तरुणास दिले होते. कर्ज काढून त्याने छपाईचे दुकान घातले आहे. तो आमचा जुना विद्यार्थी. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही त्याच्या दुकानी गेलो आणि सकाळी आठला चित्र हवे म्हणून सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, छाप वाळायला निदान एक दिवस द्या. त्यातून हा पावसाळा." आम्ही म्हणालो, "अरे, छाप तर यंत्रातून कोरडाच बाहेर पडतो. समाजाचे काम आहे, नाही म्हणू नकोस." गुरुजींपुढे तो बिचारा काय बोलणार?

सकाळी चित्र आरशासारखे दिसले. सर्वांनी वाहवा केली. दोन दिवसांनी महाराजांच्या चेहऱ्यावर मोहरीएवढे फुगे उमटले व कडा वर उचलल्या. कार्यकारी मंडळाच्या सभेत "काम कच्चे" असा निर्णय होऊन त्याचे पैसे रोखले गेले. त्या सभेस आम्ही हजर होतो. खरी हकिकत ठाऊक असलेले तेथे आम्ही एकटेच होतो, आणि आम्ही गप्प बसलो.

ही गोष्ट मनास डाचत राहिली. शेवटी आम्ही त्याच्या दुकानात चार दिवस बाकावर बसून हे काम पाहिले. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो. आपण मूळचे सुईदोऱ्याचे लोक. आपणांस हे समजण्यास कठीण नाही.

पहिली गोष्ट वाळण्याची. नवे सुती कापड भिजवून, आटवून मगच कापावे, हे आपल्या घरातील मूलही जाणते. न आटवता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात अंगास आखडतो. छापाचेही तसेच आहे. सॉल्व्हंट जातीच्या शाईत उडून जाणारे द्रव्य असते. छाप बोटास कोरडा लागला तरी आत ते द्रव्य शिल्लक असते व हळूहळू उडत राहते. त्यावर लगेच आवरण चढवले, की त्याची वाट बंद होते. मग ती वाफ आवरणाखाली साठून फुगे धरते, गोंद मऊ करते आणि कडा उचलते. म्हणून असा छाप निदान २४ तास, गडद रंग पुष्कळ असल्यास ४८ तास, सैल गुंडाळी करून उभा ठेवावा. घट्ट गुंडाळी आडवी टाकल्यास आतील वेढे वाळतच नाहीत. छापाजवळ नाक नेऊन पाहावे; शाईचा वास येत असेल तर अजून थांबावे. लॅटेक्स शाई यंत्रातच उष्णतेने वाळते व यूव्ही शाई प्रकाशाने तत्काळ घट्ट होते. तेथे एवढी प्रतीक्षा लागत नाही.

दुसरी गोष्ट अस्तराची. कापड एक जातीचे व अस्तर दुसऱ्या जातीचे घेतले, की एक आटते, दुसरे आटत नाही, आणि कोटास झोळ येतो. व्हिनाईलही दोन प्रकारचे असते. एक रोलरखाली लाटून केलेले. ते कालांतराने आकसते. दुसरे पातळ ओतून केलेले. ते फारसे आकसत नाही. छाप ज्या जातीच्या व्हिनाईलवर असेल त्याच जातीचे आवरण घ्यावे.

तिसरी गोष्ट ताणाची. ताणून शिवलेली शिवण सोडताच गोळा होते. आवरणाची गुंडाळी फार ताणून रोलरमध्ये घातली, की ते मागाहून मूळ जागी येऊ पाहते. मग चित्र वळते आणि कडेस बोगद्यासारख्या पोकळ्या पडतात. सुरकुती पडणार नाही एवढाच ताण पुरे.

चौथी गोष्ट दाबाची. दोन्ही रोलरांचा दाब दोन्ही टोकांस सारखा हवा. त्याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही टोकांस कागदाची एकेक पट्टी रोलरांत धरावी व ओढून पाहावी. एक सहज सुटली आणि दुसरी अडली, तर दाब विषम आहे आणि सुरकुती ठरलेलीच. काम एकदा सुरू झाले की मध्ये थांबू नये. थांबल्या जागी आडवी रेघ उमटते. काम संपल्यावर रोलर उचलून ठेवावेत. दाबून ठेवल्यास त्यांचे रबर त्या जागी चपटे होते.

पाचवी गोष्ट स्वच्छतेची. आवरणाचा मागचा कागद सोलताना वीज उत्पन्न होते आणि हवेतील धूळ व तंतू ती ओढून घेते. म्हणून आधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, पंखा बंद करावा व रोलर स्वच्छ करावेत.

इतके करूनही दोष आला, तर तो ओळखावा. काळ्या किंवा गडद भागावर चंदेरी झाक दिसली, तर शाईच्या सूक्ष्म खळग्यांत हवा राहिली आहे असे समजावे. वेग कमी, दाब जास्त व वरच्या रोलरास ४० ते ५० अंश ऊब दिल्यास ती टळते. आलेली झाकही पुष्कळदा एकदोन दिवसांत गोंद बसला की कमी होते. टोकदार पुळीसारखा उंचवटा असेल तर आत धुळीचा कण आहे. त्यास इलाज नाही. नुसता हवेचा फुगा असेल, तर बारीक सुई फुग्याच्या कडेस तिरपी टोचावी आणि समोरच्या बाजूने अंगठ्याने हवा छिद्राकडे लोटावी. सुई येथेही आपल्या उपयोगी पडते, हे पाहून आम्हांस मौज वाटली. परंतु अर्धवट वाळलेल्या छापाचे फुगे सुईने जात नाहीत. एक टोचावा, तो शेजारी दोन उभे राहतात.

बंधूंनो, महाराजांच्या चित्रावरचे फुगे ह्या शेवटच्या जातीचे होते. ते त्या मुलाने केले नव्हते. आदल्या दिवशी चार वाजता ते आम्ही करून ठेवले होते. दिसले मात्र दोन दिवसांनी.

आम्ही निवृत्तिवेतनातून ती रक्कम घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने घेतली नाही. "गुरुजी," तो म्हणाला, "तुमचे पैसे मला नकोत. मंडळाने काम कच्चे म्हटले आहे, तो शब्द तेवढा मागे घ्यायला सांगा." त्याचे हे मागणे रकमेहून मोठे आहे. गावात दुकानदाराचे भांडवल त्याच्या नावात असते, आणि ते नाव आपण, त्याच्याच लोकांनी, कमी केले.

म्हणून आमची दोन नम्र मागण्या आहेत. पहिली, तो निर्णय मंडळाने रद्द करावा व राहिलेले पैसे मंडळाच्या खात्यातून पावतीसह द्यावेत. दुसरी, यापुढे मंडळाने कोणतेही छपाईचे काम निदान चार दिवस आधी, अर्धी रक्कम देऊन सांगावे. आपला माणूस आहे म्हणून त्याला रात्री जागवायचे आणि आपला माणूस आहे म्हणूनच पैसे थकवायचे, ही रीत आपण सोडली पाहिजे. समाजातील मुलांनी धंद्यात पडावे, असे ह्या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते. पडलेल्यांना आपण गिऱ्हाईक म्हणून नीट वागवले, तर त्या उपदेशास काही अर्थ आहे.

सभेत आम्ही गप्प बसलो, तेथे बोलावयाचे ते आज बोललो. उशीर झाला, त्याबद्दल त्या विद्यार्थ्याची आम्ही आपणां सर्वांसमक्ष क्षमा मागतो आणि आपली रजा घेतो.