अलिबागकरांच्या वतीने स्वागत

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ठिकठिकाणांहून आलेले हवामानशास्त्रज्ञ आणि माझ्या अलिबागकर बंधुभगिनींनो,

सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या या नगरीत, हिवाळी वादळांवरच्या या परिषदेसाठी आपले मनःपूर्वक स्वागत. कान्होजींची समाधी गावातच आहे, समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते. मात्र भरतीची वेळ विचारूनच निघावे, ही कळकळीची विनंती.

आम्हाला सर्वांत मोठा अभिमान आहे तो आमच्या चुंबकीय वेधशाळेचा. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. तेव्हा संचालक होते डॉ. नानाभॉय मूस, त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. चुंबकीय कामासाठी अलिबागची निवड झाली. बांधकामात चुंबकाला ओढणारे साहित्य कटाक्षाने टाळले आणि १९०४ मध्ये इथे वेध सुरू झाले. पुढे १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी साखळी नवीशी जुळली. १९१० मध्ये मूससाहेबांनी सहा दशकांच्या नोंदींचा ग्रंथ सिद्ध केला. आज हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्यासारख्या जाणकारांसमोर ते आदराने घेता आले, याचे समाधान वाटते.

चुंबकत्वाचा हिवाळी वादळांशी संबंध आहे की नाही, हे आपण तज्ज्ञच जाणता. मला एवढेच कळते की, अखंड नोंदींवाचून अंदाज उभा राहत नाही, आणि भर समुद्रात नोंदींचीच वानवा आहे. हिवाळ्यात आमच्या होड्या दूरवर जातात. किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील आणि खळ्यात जवळा वाळत असतो, वाडीत आंब्याला मोहोर असतो. खाली उबदार पाणी आणि वर पश्चिमी झंझावाताची थंड हवा अशी गाठ पडली की रातोरात गडगडाट होतो. डिसेंबर २०१७ मधले ‘ओखी’ चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२१ च्या आरंभीचा पाऊस कोकण विसरलेले नाही. ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देते. पण खोल दर्यात मोबाइलला रेंज नसते. होडीचा तांडेल विचारतो ते एवढेच : आज रात्री दर्यात जायचे की नाही?

आता व्यवस्थेविषयी. निवास तीन ठिकाणी विखुरला आहे, गरम पाणी पहाटे पाच ते आठच मिळेल, मंडपात वाऱ्याचा त्रास होईल. या उणिवा पदरात घ्याव्यात. उद्या संध्याकाळी वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याची पोपटी आहे. शाकाहारींचे मडके वेगळे लावले आहे.

देणगीदार व्यापारी बंधू, मच्छीमार सोसायट्या, मासळीच्या हंगामातही वर्गणी देणाऱ्या कोळी भगिनी, स्वयंपाक सांभाळणारे बचत गट आणि रात्रभर खुर्च्या मांडणारे विद्यार्थी यांचे ऋण मोठे आहे.

तांडेलाच्या त्या प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळण्याची वाट या परिषदेतून निघो, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून अध्यक्षमहोदयांना उद्घाटनाची विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!