प्लग काढला, तरी वीज आतच असते

गिटारच्या ट्यूब अॅम्पवर बोललो की मागाहून येणाऱ्या पत्रांत हमखास एकच प्रश्न असतो: "पॉवर ट्यूब बदलायच्या आहेत, कुठल्या कंपनीच्या घेऊ?" कंपनीचं मागून. आधी अॅम्पमध्ये मुळात कोणती ट्यूब आहे ते वाचा. काचेवर किंवा अॅम्पच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

फेंडरच्या मोठ्या अॅम्पमध्ये बहुधा ६एल६ असते. लंडनमध्ये १९६२ साली जिम मार्शल यांच्याकडे पहिला अॅम्प तयार झाला, तो फेंडर बेसमनच्याच सर्किटवरून. पुढे मार्शलमध्ये ईएल३४ आली आणि आवाजाचा बाजच बदलला. म्हणून मंडळींना वाटतं, आपल्या फेंडरमध्ये ईएल३४ खोचली की मार्शल वाजेल. सॉकेट आठ पिनांचं, ट्यूब बसतेही. पण ६एल६चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४चा १.५. चार ट्यूबांचा अॅम्प असेल तर हा भार ३.६ वरून ६ अँपिअरवर जातो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. शिवाय एक नंबरच्या पिनची जोडणी दोन्हींत वेगळी. तेव्हा जी होती तीच घ्या, आणि जुळवलेली जोडी घ्या.

आता बायस. गिटार वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा हे बायस ठरवतो. ईएल३४ची प्लेट २५ वॉट सोसते. त्याच्या ७० टक्के म्हणजे साडेसतरा वॉट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर दर ट्यूबला साधारण ३९ मिलिअँपिअर, याच्या वर जाऊ नये. कमी ठेवलात तर आवाज कोरडा आणि पातळ होतो, जास्त ठेवलात तर प्लेट लाल होते आणि ट्यूब जाते. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात, त्यांचा बायस आपोआप सांभाळला जातो. पुष्कळ मोठ्या अॅम्पमध्ये मात्र तो हातानं लावावा लागतो, आणि त्यातल्या बहुतेकांत त्यासाठी चासी, म्हणजे आतलं धातूचं खोकं, उघडावी लागते.

इथंच मला थांबून बोलायचं आहे. चासी उघडणारा प्रत्येक जण सांगतो, "मी प्लग काढला होता." अहो, प्लग काढल्यानं भिंतीतली वीज थांबली, आतली नाही! आत मोठे फिल्टर कंडेन्सर असतात, त्यांत चारशे-पाचशे व्होल्ट डीसी साठलेले असतात. काही अॅम्पमध्ये ते उतरवणारा रेझिस्टर असतो, काहींत नसतो, आणि असला तरी तो तुटलेला असू शकतो. बाहेरून काहीही कळत नाही. दिवा विझलेला, ट्यूब थंड, पंखा बंद केल्यासारखी शांतता, आणि तरी ती वीज माणसाला मारू शकते. प्लग काढून तास झाला म्हणून धीट होऊ नका. मल्टिमीटर हजार व्होल्ट डीसीवर लावा, प्रत्येक कंडेन्सर मोजा, आणि आकडा जवळपास शून्य दिसेपर्यंत आत बोट घालू नका. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडणारेही भेटतात. कृपा करा, ते करू नका. जुने रेडिओ मेकॅनिक व्हॉल्व्हच्या सेटवर काम करताना एक हात खिशात ठेवत, ते उगाच नव्हे. दोन्ही हात आत असले की करंट छातीतून जातो.

आणि बायस मोजताना तर अॅम्प चालू असतो! म्हणजे चासी उघडी, ट्यूब तापलेल्या, समोर पाचशे व्होल्ट. व्हिडिओत दोन मिनिटांत होतं म्हणून तुमच्याकडून होईल असं नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलांना सरळ सांगतो: तुम्ही चासी उघडायची नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात विचारा, व्हॉल्व्हवर काम केलेला कारागीर शोधा. चार पैसे जातील, जाऊ देत. तुमचा जीव त्याहून फार मोठा आहे, बाळांनो.

बाकीचं थोडक्यात. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अॅम्प आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नका. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचाच घाला. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, पण आतली राखाडी प्लेट लाल झाली की ताबडतोब बंद करा. प्री-अॅम्पच्या छोट्या ट्यूबांना बायस लावावा लागत नाही.

कंपनीचं विचारलं होतंत. स्लोव्हाकियातली जेजे आणि रशियात ट्यूब बनवून घेणारी अमेरिकेतली इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, दोन्हींच्या ट्यूब बाजारात मिळतात. कानाला बरी वाटेल ती घ्या. जुनी जोडी चालत असेल तर तारीख लिहून खोक्यात जपून ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी एखादी ट्यूब गेली तर ती उपयोगी पडेल.