घर, भाडे आणि पत



पूर्वी गिरणगावात खोली हवी तर पुष्कळदा पागडी मोजावी लागे. आता काही घरदलाल सिबिलचा आकडा विचारतात. ३०० ते ९०० मधला हा आकडा. कारखान्याला टाळे पडले, कर्जाचे हप्ते थकले, की तो घसरतो. पण त्याच कामगाराने पोटाला चिमटा घेऊन भाडे वेळेवर भरले, तर त्याची नोंद तेथे बहुधा नसते. कर्जाच्या वहीवरून भाडेकरू पारखणे म्हणजे गजाने दूध मोजणे होय!

आम्ही कामगारांना तीन गोष्टी सांगतो. आपला अहवाल दलालाच्या आधी आपण वाचावा. पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. फिटलेले कर्ज थकलेले दिसले, तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. दुसरे, भाड्याच्या पावत्या, बँकेचे पासबुक, जुन्या मालकाची चिठ्ठी जपून ठेवावी. तिसरे, वाढीव अनामत कबूल करण्यापूर्वी करार लेखी व नोंदणीकृत करून मागावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती नोंदणी मालकाची जबाबदारी ठरवली आहे.

एवढे करूनही एकटा कामगार दलालाच्या दारात याचकच ठरतो. म्हणून प्रत्येक युनियनने आणि पतपेढीने आपल्या सभासदाला सचोटीचा लेखी दाखला द्यावा, अशी आमची विनंती आहे.